उरलेला स्क्रू

पोरगा बाईकच्या अपघातात गेल्यापासून मिस्त्रींनी गॅरेजचं तोंड पाहिलं नव्हतं. आठ महिने घरातच मान मोडून त्यांनी हातभर लांबीचं बाईकचं मॉडेल जोडलं. त्याची साखळी फिरायची, ब्रेकसुद्धा लागायचा.

आज ते पूर्ण झालं. टेबल पुसताना बायकोला तांदळाएवढा एक स्क्रू सापडला. तो बघताच मिस्त्रींनी सगळी बाईक पुन्हा खोलायला घेतली.

"अहो, एवढ्याशा स्क्रूपायी? शोभेची तर आहे. कोण बसणार आहे तिच्यावर?"

मिस्त्रींनी पुढचं चाक सोडवून बाजूला ठेवलं.



"आपल्या पोराची बाईक मीच जोडली होती ना, तेव्हाही एक उरला होता. म्हटलं, एकानं काय बिघडतंय."