नेरिडा एकदाची हो म्हणाली

"बरं बाबा, तू जिंकलास. टाक माझ्या कॉम्प्युटरवर तुझं ते लिनक्स," नेरिडा म्हणाली आणि केल्विनच्या हातातला स्क्रूड्रायव्हर जागच्या जागी थांबला.

खरं तर त्यानं आनंदानं उडीच मारायला हवी होती. ह्युऑन नदीकाठच्या आमच्या गावात लिनक्सचा झेंडा रोवला तो केल्विननंच. गावात निवृत्त बाप्यांची एक शेड आहे. तिथं कुणी मोडक्या खुर्च्या सांधतं, कुणी गवत कापायची यंत्रं उघडून बसतं, आणि केल्विन जुने कॉम्प्युटर जिवंत करतो. खाटकाचा, चर्चमधला, आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांचा, सगळ्यांचे कॉम्प्युटर त्यानं विकतच्या सिस्टिमवरून फुकटच्या लिनक्सवर आणून सोडले होते. "एकदा टाकलं की विसरून जा, बिघडायचं नावच नाही!" हे त्याचं पालुपद ऐकून गावाचे कान किटले होते. बधली नव्हती ती एकटी नेरिडा. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली, एकटीच राहणारी, भारी हट्टी बाई. "मला माझी सवयीचीच बरी," म्हणायची. आणि तिचा तो म्हातारा कॉम्प्युटर दर आठवड्याला नवा नखरा करायचा.

म्हणून तर केल्विन दर रविवारी हत्यारांची पिशवी घेऊन यायचा. बायको गेल्यापासून त्याचा अख्खा आठवडा त्या एका रविवारसाठी चालायचा. हे त्यानं शेडमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं, नेरिडाला तर नाहीच नाही. आमच्या बाप्यांची रीतच तशी. कामाशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही. बोलायचं तर हातानं काहीतरी खुडबुड चालू ठेवून बोलायचं. 'तुला भेटायला आलोय' असं सरळ म्हणायची पाळी आली तर माणसाला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

"अगं, पण एवढी घाई कशाला?" केल्विन म्हणाला. "तुझा प्रिंटर जुना आहे. चालेल न चालेल."

"खाटकाचा तसलाच आहे. तो चालवून दाखवलास आणि गावभर मिरवलंस की!"

"सवय व्हायला वेळ लागतो."

"'नव्वदीच्या म्हाताऱ्या शिकतात, तुलाच काय धाड भरलीये?' हे कोण म्हणालं होतं?"

केल्विननं कान खाजवला.

"आणि जुन्या सिस्टिमला आता अपडेट मिळणार नाहीत, चोर शिरतील, म्हणून मला घाबरवलंस तेही तूच."

"घाबरवलं असं नाही... काढता आले असते अजून थोडे दिवस."

"केल्विन, धर्म बदललास की काय रे?" नेरिडा खो खो हसली.

त्याला हसू आलं नाही. "एकदा टाकलं की बिघडणार नाही हं," तो हळूच म्हणाला. "मग माझी काही गरज पडायची नाही."

"तेच तर हवंय मला," नेरिडा म्हणाली आणि ओव्हनमधली पाई बघायला वळली.

केल्विनला वाटलं, कंटाळली असणार बिचारी. का नाही कंटाळणार? दर रविवारी एक म्हातारा येतो, टेबलाखाली शिरतो, वायरी ओढतो, अंगणातल्या कोंबड्यांच्या चौकशा करतो आणि कॉम्प्युटरपुढेच बशी घेऊन फुकटचं जेवून जातो.

तो कामाला लागला. आणि काम करता करता त्याच्या मनात पाप आलं. वायफायची एक बारीकशी गोष्ट अर्धवट सोडली, तर थोड्या दिवसांत आपोआप बंद पडेल. कुणाच्या बापाला कळणार नाही. फोन येईल. पिशवी उचलायची की निघालं. तो विचार त्यानं जरा कुरवाळलासुद्धा. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली. नेरिडाची दूर पर्थला राहणारी मुलगी तिला ह्याच पडद्यावर भेटते. नातवंडं ह्याच पडद्याला नाकं चिकटवून पडलेले दात दाखवतात. आणि तो आपण मुद्दाम बिघडवायचा? हट्!

मग मात्र त्यानं जीव ओतला. तिचे सगळे फोटो जपून नव्या सिस्टिमवर आणले. तिला चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून अक्षरं मोठी केली. मुलीला फोन लावायचं बटण सगळ्यांत वर ठेवलं. इतकं मन लावून त्यानं आयुष्यात दुसरं काम केलं नसेल. जायचंच आहे तर नीट करून जावं, एवढंच त्याच्या मनात होतं. आणि मेला तो प्रिंटरसुद्धा पहिल्या फटक्यात चालला.

"झालं," तो म्हणाला. "आता कुणाला बघावं लागणार नाही." त्यानं हत्यारं भरली, टोपी डोक्यावर घातली आणि दाराकडे निघाला.

"कुठे निघालास?"

"काम संपलं ना."

नेरिडानं त्याच्या हातातून पिशवी काढून घेतली, टोपी काढून खुंटीला अडकवली आणि जेवणाच्या टेबलाशी आपल्या समोरची खुर्ची ओढली.

"संपलं एकदाचं, देवाची कृपा!" ती म्हणाली. "बस आता इथे. इतकी वर्षं दर रविवारी मी तुझ्या पाठीकडे बघत जेवतेय."