पिवळा पडदा

स्टुडिओत तिसरा अल्बम परत आला, तेव्हा मी रंग मोजायचं यंत्र आणलं. “बाळाला काय शाईत बुडवलंत?” म्हणत गिऱ्हाईक तणतणत गेलं होतं. बाबांनी खापर मॉनिटरवर फोडलं. “पडदा पिवळा पडलाय, म्हणून निळा वाढवावा लागतो. चाळीस वर्षं रंग पारखतोय मी!” मी यंत्र पडद्यावर टांगलं. त्याच्याखाली लाल, हिरवे, निळे, करडे चौकोन उमटत गेले. पाच मिनिटांनी निकाल आला. मॉनिटरमध्ये दोष नव्हता. “यंत्रच स्वस्तातलं आहे, बाबा. दुसरं आणू,” मी घाईघाईने म्हणाले. ते प्रिंटरमधला कोरा कागद घेऊन खिडकीशी गेले, उलटसुलट करून बघत राहिले. “हा पांढरा आहे ना गं?” मी हो म्हणाले. बाबांनी पडद्यावरचं यंत्र काढलं आणि चष्मा कपाळावर सरकवून ते डोळ्याला लावलं. “आता इथलं सांग.”