त्र्याहत्तरावी जागा

प्राणी पकडायच्या व्हिडिओगेममधला त्र्याहत्तरावा प्राणी प्रोग्रामर कुसाकांनी ऐनवेळी काढून टाकला होता. चित्र पुसलं, नाव पुसलं. जागा तेवढी रिकामी ठेवली, नाहीतर पुढच्या सगळ्यांचे क्रमांक सरकले असते. त्याचं चित्र कंपनीबाहेर कुणीच पाहिलं नव्हतं. आज जेवणाच्या सुट्टीत गेम खेळणाऱ्या मुलांची पत्रं चाळताना सहकारी मिझुए खिदळली, "अहो कुसाकासान, अकिता शहरातली एक पोर तुमच्या स्वेटरची टिंगल करतेय बघा!" पोस्टकार्डावर तोच प्राणी, तीन डोळ्यांचा, डावा कान जळालेला. शेजारी कुसाकांचाच ठिगळवाला स्वेटर घातलेला माणूस. चेहऱ्यावर खोडरबर फिरवून फिरवून कागद विरला होता. खाली लिहिलं होतं, "काका, तुमचा चेहरासुद्धा छान काढला होता. पण हा म्हणाला, पूस. जागा तेवढी ठेव." मिझुएने हसत वर पाहिलं आणि तिचं हसू मावळलं. कुसाकांचा हात सावकाश स्वतःच्या नाकाकडे गेला. तिथे नुसती सपाट जागा होती.