पांढरी रेघ

या मंडळी, जरा जवळ सरका. एका फोटोवाल्या शेठची गोष्ट सांगतो.

मेकॅनिककाका त्याला हात जोडून सांगत, "शेठ, प्रिंटरचं हे शाई सोडणारं हेड कोरडं पडू देऊ नका. पुसायचं तर ओल्या, मऊ फडक्याने, हलक्या हाताने."

"आंघोळ घालून अंगाईही गाऊ का त्याला?" शेठ फिदीफिदी हसला आणि काकांच्या देखत सदऱ्याच्या टोकाने त्याने हेड खसाखसा घासलं.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक फोटोत गळ्यावर बारीक पांढरी रेघ येऊ लागली. नाक मुरडत शेठने नवं हेड बसवलं. "संपली म्हाताऱ्याची थेरं!"

गिऱ्हाइकांचे फोटो स्वच्छ आले. त्याच्या स्वतःच्या फोटोत मात्र रेघ तशीच होती.

तेवढ्यात लेक डबा घेऊन आली. "बाबा, गळ्याला हे पांढरं काय लागलंय?" तिने रुमाल ओला केला आणि हलक्या हाताने पुसलं.

रेघ बोटभर रुंद झाली. रुमालावर त्याच्या कातडीचा रंग उतरला होता.

मंडळी, शेठला खुशाल विसरा. त्या लेकीची तेवढी आठवण ठेवा. बापाचे डोळे भरून आलेत, आणि ती म्हणतेय, "बाबा, रडू नका हं. अजिबात रडू नका."