काळी दाढी

"हात नका लावू आजी, शाई ओली आहे."

शालूबाईंनी बोट मागे घेतलं. नुकतीच प्रिंटरमधून निघालेली पारदर्शक फिल्म अभिरामने खिडकीच्या उजेडात धरली होती. सेलूच्या सप्ताहात कीर्तन करणाऱ्या महाराजांचा फोटो. शेजारणीने मोबाइलवर काढलेला. अभिराम उन्हावर निळे फोटो छापतो असं ऐकून शालूबाई एसटीने वर्ध्याला आल्या होत्या.

फिल्मवर सगळं उलटं उमटलं होतं. चेहरा काळा, कपाळावरचा बुक्का पांढरा. महाराजांची पांढरीशुभ्र दाढी काळीभोर.

"हे निगेटिव्ह. मसाला लावलेल्या कागदावर ठेवायचं, वर काच, मग ऊन. पाण्यात धुतलं की निळा फोटो. दाढी पुन्हा पांढरी."

"नोको करू बाबू. हेच दे मले."

"हे? यात तर ओळखूही येत नाहीत."

"मले येते. गेले तवा अशीच काळी होती."

अभिराम थबकला. "तुमच्या घरचे आहेत?"

"घरचेच तं. भरल्या ताटावरून उठले, कीर्तन आयकून येतो म्हणे. ते गेलेच. आता केस पिकल्यावर दिसले." त्या फिल्मकडे पाहतच राहिल्या. "लय वाळले. पोटभर वाढत असन का कोणी?"

अभिरामचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. त्याने विषय बदलला.

"कीर्तन चांगलं करतात?"

"टाळकरी बेसूर होते," त्या हसल्या. "महाराज नाई. सारा मंडप रडून राह्यला होता."

"मग बोलल्या त्यांच्याशी?"

"समोर गेली. 'ये माय' म्हणून बुक्का लावला अन् मागच्या बाईले हात केला. ओळखलं नाई."

"पाया पडताना सांगायचं होतं."

"पाया नाई पडली मी."

पदराचं टोक त्यांनी बोटाला गुंडाळलं. अभिरामने फिल्म हळूच टेबलावर ठेवली.

"उद्या काल्याचं कीर्तन आहे ना? मी गाडीनं नेतो. टाकून गेलेल्या माणसावर राग राहणारच आजी, पण आता सोडा. पाया पडा आणि सांगून टाका कोण आहात ते."

"राग कायचा बाबू? येतो मी. सांगतो बी. पण पाया नाई पडत. मायनं लेकराच्या पाया पडलं तं लेकराचं आयुष्य घटते."