भैरवीच्या आधी

आई माझ्याकडे नेदरलँड्समध्ये अ‍ॅमस्टेलव्हीनला निघाली तेव्हा बाबांनी घरातली सगळी गाणी एका हार्ड डिस्कवर भरून दिली. भैरवीच्या नावाआधी मुद्दाम झेड लावला. "नाहीतर कॉम्प्युटर ती एबीसीडीप्रमाणे आधीच वाजवेल. मैफलीत भैरवी शेवटी, त्याला काय कळतंय." पुढे लॉकडाऊनमध्ये विमानं बंद झाली आणि पुण्यात बाबा कोविडने गेले. निरोप आम्ही मोबाइलवरच दिला. जूनमध्ये इथे जेवणं झाली तरी ऊन जात नाही. त्या रेंगाळत्या उजेडात आई रोज बाबांची गाणी ऐकत बसते. आज शेवटचं गाणं लागायच्या आत तिने नेहमीसारखा डिस्कवर हात ठेवला. "पुन्हा पहिल्यापासून लाव." "आई, एकदा तरी भैरवी ऐकू या ना." ती सोफ्यावर येऊन बसलेल्या उन्हाकडे बघत राहिली. "भैरवी झाली की माणसं उठून जातात. बसू दे त्यांना अजून थोडं."