कमलचं कुळागर

गोव्यातल्या खाणी बंद पडल्यावर रामचंद्रचा ट्रक थांबला आणि डिचोलीच्या भाटकाराने, म्हणजे जमीनमालकाने, त्याच्याकडे पर्यटकांना आपलं कुळागर, मसाल्याची बाग, दाखवायचं काम दिलं. पहिल्याच दिवशी पुण्याच्या एका बाईंनी विचारलं, “या जायफळाला फळं का नाहीत?” वीस वर्षं खनिज वाहिलेला रामचंद्र झाडाच्या फांद्या न्याहाळू लागला. मागून पाणी घेऊन येणारी त्याची बायको कमल पुटपुटली, “हा नर आहे. ह्याला फळ धरत नाही, पण तोडला तर पलीकडच्या माद्यांनाही धरणार नाही.” मग तिने जमिनीलगत लपलेली वेलचीची फुलं दाखवली. सगळे तिच्याभोवती जमले. “एवढं कुठे शिकलात?” बाईंनी विचारलं. कमल लाजली. “इथेच कामाला होते. हे दिवसरात्र गाडीवर. घरी बोलायला कोण नव्हतं, मग झाडांशीच बोलायचे.” ती झाडांशी बोलायची, हे रामचंद्रला ठाऊकच नव्हतं. पायवाटेवरून बाजूला होत तो तिला म्हणाला, “तू फुडे चल. माका पण आयकाचा आसा.”